आधी गुडघे टेका, बाई!

पुढच्या बाकावरचा माणूस उभा राहिला की आपण उभं राहायचं आणि तो बसला की बसायचं. बस्स! एवढं ठरवून मी त्या रविवारी सकाळी आठवी ‘अ’च्या छत्तीस मुलींना घेऊन चर्चमध्ये शिरले.

एकसष्ट सालचा नोव्हेंबर होता. विम्याच्या ऑफिसातल्या माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या बदलीमुळे आम्ही साताऱ्याहून जयपूरला आलो, त्याला तीन वर्षं झाली होती. मी सिस्टरांच्या शाळेत गणित शिकवायची. शाळेला पंचवीस वर्षं पूर्ण झाली म्हणून खास प्रार्थना होती. मिस्सा म्हणतात तिला. बाहेरगावचे बिशप आले होते. आमच्या मुलींत कुणी जैन, कुणी राजपूत, कुणी बनिया. वर्गात ख्रिश्चन अवघ्या चार, आणि त्या चौघी आधीच वर गाणाऱ्यांत. उरलेल्या या छत्तीसजणींना कधी उभं राहायचं, कधी बसायचं, कधी गुडघे टेकायचे, यातलं काही ठाऊक नव्हतं. मला तरी कुठे होतं?

“मिस खांबेटे, काळजी नको,” सिस्टर अ‍ॅग्नेस म्हणाल्या होत्या. “तुम्ही माझ्याकडे बघा. मुली तुमच्याकडे बघतील.”

आणि ऐन वेळी हार्मोनियम वाजवणाऱ्या बाईंना ताप भरला. सिस्टर अ‍ॅग्नेस वर सज्जात वाजवायला गेल्या... आणि मी खाली, छत्तीस जोडी डोळ्यांच्या पहाऱ्यात!

गर्दीमुळे आम्हाला पुरुषांच्या शेवटच्या बाकामागे बसवलं होतं. माझ्या बरोब्बर समोर, बाकाच्या अगदी टोकाला, एक तरुण बसला होता. पांढरा सदरा, नीट विंचरलेले केस, मानेवर उन्हाने रापलेली रेघ. माणूस माहीतगार दिसत होता. बिशप आत आले तेव्हा हा सगळ्यांच्या आधी उभा राहिला. मीही राहिले. माझ्यामागून छत्तीस मुली. तो बसला, आम्ही बसलो. बायबलातलं शुभवर्तमान वाचायला लागले तेव्हा तो उभा, आम्ही उभ्या. प्रवचनाला तो बसला, आम्हीही बसलो. प्रवचन संपल्यावर पुन्हा तो उभा, आम्ही उभ्या. सगळं लॅटिनमध्ये चाललं होतं, पण मला वाटलं, यात काय एवढं? आपल्याला जमतंय की!

मग किणकिण घंटा वाजली. सगळं चर्च एकदम खाली गेलं. धप्प! चारशे-पाचशे माणसं गुडघ्यांवर.

आणि माझा माणूस? तो बसला. शांतपणे, मान खाली घालून बसला.

मीही बसले. माझ्यामागे छत्तीस मुली, ताठ, हाताची घडी घालून. डावीकडे पाहिलं, सगळे गुडघ्यांवर. उजवीकडे पाहिलं, सगळे गुडघ्यांवर.  पण समोरचा तर बसलाय... हा चुकणार नाही. आतापर्यंत एकदाही चुकला नाही!

“बहनजी,” मागून पहिल्या रांगेतली सज्जन कंवर कुजबुजली, “हम बैठे ही रहें क्या?”

“चूप!” मी म्हटलं.

समोरच्याला ती कुजबुज ऐकू गेली असावी. त्याने हळूच मान वळवली. आधी मला पाहिलं, मग माझ्यामागच्या मुलींच्या रांगा पाहिल्या, आणि त्याचे डोळे विस्फारले.

“बहनजी, घुटने टेकिए...” तो हलकेच म्हणाला.

मी पदर सावरत, तितक्याच हलकेच म्हटलं, “पहले आप.”

त्याने डोळे मिटले. “अरे माझ्या देवा! आता हिला कसं सांगू?”

मराठी! जयपुरात, चर्चमध्ये, लॅटिन मंत्रांच्या मधोमध... चक्क मराठी! मी सगळं विसरले.

“अय्या, तुम्ही मराठी?”

“आधी गुडघे टेका, बाई! मग सांगतो.”

मी टेकले. माझ्यामागून छत्तीस मुलींनी एकदम टेकले. धडाडधूम! त्या शांततेत तो आवाज असा घुमला की वेदीकडे तोंड करून उभ्या असलेल्या बिशपांचे खांदेसुद्धा दचकले. वर हार्मोनियमचा एक सूर चुकला. आणि समोरच्या पांढऱ्या सदऱ्याची पाठ हसू दाबून गदगदा हलत राहिली, ती पार शेवटपर्यंत.

बाहेर अंगणात सिस्टर अ‍ॅग्नेसनी मला गाठलं. मंगळूरच्या त्या, उंचीला माझ्या खांद्याएवढ्या, पण आवाज असा की शाळेला घंटेची गरज नव्हती.

“मिस खांबेटे! बिशपांसमोर एक अख्खा वर्ग बसून राहिला!”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तो आला. आणि तेव्हा मला दिसलं. तो लंगडत होता. डावा पाय काठीसारखा सरळ, जराही न वाकणारा. म्हणूनच तर बाकाच्या टोकाला बसला होता, पाय मोकळा सोडायला.

“सिस्टर, चूक माझी आहे,” तो म्हणाला. “माझा गुडघा वाकत नाही. या बाई मला बघून सगळं करत होत्या, हे मला काय माहीत?”

सिस्टरनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण त्यांनी ते लगेच आवरलं.

“ठीक. चूक तुझी, तर दुरुस्तीही तूच कर, पास्कोल. नाताळला याच मुली गाणार आहेत. दर शनिवारी शाळा सुटल्यावर येऊन या बाईंना शिकव, त्या मुलींना शिकवतील. मी हार्मोनियमवर असेन,” आणि जरा थांबून, “आणि तिथून मला सगळं दिसतं.”

पास्कोल तुस्कानो, वसईचा. ईस्टरच्या दिवशी जन्मला म्हणून पास्कोल. सरकारी हस्तकला कार्यालयात रंगांचं रसायनशास्त्र बघायचा. आठवड्यातले चार दिवस बगरू गावात, कापडावर ठसे छापणाऱ्या छिप्यांच्या हौदांपाशी जायचे, त्यामुळे बोटं कायम निळीने माखलेली. कितीही धुतली तरी नखांच्या कडेला निळी रेघ उरायचीच. शनिवारी तो यायचा, रिकाम्या चर्चच्या पायऱ्या एकेक करून चढायचा आणि म्हणायचा, “चला बाई, पाठ सुरू.”

“मी शाळेतली बाई आहे, तुमची नाही.”

“इथे मी मास्तर आहे. म्हणून तर मान देऊन ‘बाई’ म्हणतोय. सांगा बरं, शुभवर्तमानाला काय करायचं?”

“उभं राहायचं.”

“का?”

“तुम्ही राहता म्हणून.”

तो हसायचा. हसताना आधी डोळे हसायचे, ओठ मागून यायचे. मग समजावून सांगायचा. उभं राहणं म्हणजे मान देणं. तुम्ही वर्गात आलात की मुली उभ्या राहतात ना, तसंच. बसणं म्हणजे ऐकणं, मनाला जागा करून देणं. आणि गुडघे टेकणं म्हणजे... इथे तो थांबायचा.

“म्हणजे काय?”

“म्हणजे आपण लहान आहोत, हे कबूल करणं.”

“आमच्याकडे सुटसुटीत असतं,” मी म्हटलं. “घंटा वाजवायची, नमस्कार करायचा, तीर्थ घ्यायचं, मोकळं व्हायचं.”

“आमच्या गावी चर्चला देऊळच म्हणतात,” तो म्हणाला. “माझी आई लाल लुगडं नेसून देवळात जाते, केसांत अबोलीचा गजरा घालून. तुम्ही तिला पाहिलंत तर विचाराल, हळदीकुंकवाला निघालात का?”

मला ते लाल लुगडं डोळ्यांसमोर दिसलंच. आणि मी का कोण जाणे, वहीतल्या लॅटिन शब्दांकडे बघत बसले.

सज्जातून सिस्टरांचा आवाज, “मिस खांबेटे, लक्ष पाठाकडे!”

डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी आभाळ भरून आलं. तिकडे थंडीतल्या पावसाला मावठ म्हणतात. आमची आई मावठं म्हणते. शब्द तोच, म्हणून मला तो पाऊस पहिल्यापासून आपला वाटायचा. पाठ संपवून आम्ही शाळेच्या कमानीखाली टांग्याची वाट पाहत उभे राहिलो. सिस्टर आत दिवे मालवत होत्या. गार वारा, भिजलेल्या मातीचा वास, आणि कोपऱ्यावर शेंगदाणे भाजणाऱ्याच्या कढईतून येणारा धूर...

“दुखतो का हो?” मी विचारलं. इतके दिवस ओठांवर आलेलं.

“थंडीत, जरासा.” त्याने पाय भिंतीला टेकवला. “सोळा वर्षांचा असताना चिंचेवरून पडलो. हाड जोडणाऱ्याने जोडलं, पण सरळच जोडलं. मला फादर व्हायचं होतं, बाई. सेमिनरीत नाव घातलेलं, ट्रंकसुद्धा भरलेली. पण फादरला वेदीसमोर दर मिस्साला कितीतरी वेळा गुडघा टेकावा लागतो. ज्याला टेकता येत नाही, त्याला नाही घेत.”

“मग?”

“मग काय? ट्रंक रिकामी केली. वर्षभर देवावर रुसलो. चर्चमध्ये सगळे गुडघे टेकायचे आणि मी एकटा बसलेला. वाटायचं, सगळं जग माझ्याकडेच बघतंय. नंतर सवय झाली.”

त्याचे केस कपाळावर चिकटले होते. मला इतकं वाईट वाटलं, आणि त्याच वेळी आत कुठेतरी इतकं... इतकं बरं वाटलं, की मी बोलूनच गेले—

“म्हणजे त्या चिंचेचे आभारच मानायला हवेत!”

बोलले आणि जीभ चावली. फादर झाला असता, तर... त्या ‘तर’चा अर्थ आम्हा दोघांनाही एकदमच कळला. तो माझ्याकडे वळला. नुसता पाहत राहिला. कानांच्या पाळ्या लालबुंद! त्याच्या का माझ्या, ते आता सांगता येणार नाही.

टांगा आला. मी चढले. तो म्हणाला, “बाई...”

“काय?”

“काही नाही. पदर भिजतोय, आत घ्या.”

त्या आठवड्यात इंदूरहून स्थळाचं पत्र आलं. मुलगा इंजिनिअर, घराणं आईच्या माहेरच्या ओळखीतलं. अण्णा खूश होते. मी शनिवारी पास्कोलला सांगितलं. का सांगितलं? तो काहीतरी म्हणेल म्हणूनच ना!

तो बराच वेळ बाकावरची फळी निळ्या नखाने खरवडत राहिला.

“इंजिनिअर... चांगलंच आहे.”

“एवढंच?”

“आणखी काय म्हणू, बाई?”

“काही नका म्हणू!” मी वही मिटली. “मला आता सगळं येतं. उभं राहायला, बसायला. मास्तरांची गरज नाही.”

पुढच्या शनिवारी तो आलाच नाही. मी तासभर थांबले. सिस्टर खाली आल्या, माझ्याशेजारी बसल्या, काही न विचारता हातात एक खारं बिस्किट ठेवून निघून गेल्या. मला त्यापेक्षा त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

नाताळच्या सकाळी चर्च पताकांनी सजलं होतं. तो दिसला, पार मागे, खांबापाशी. मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. मुली सुंदर गायल्या. उभ्या राहिल्या, बसल्या, एकही चूक नाही. मला आता पुढे कुणाकडे बघावं लागत नव्हतं.

मग ती घंटा वाजली.

तालमीच्या शेवटच्या दिवशी मी मुलींना सांगितलं होतं, ज्यांच्या मनात येईल त्यांनी गुडघे टेका. ज्यांच्या नाही येणार त्यांनी मान लववून शांत बसा, पण हसायचं नाही, चुळबुळ करायची नाही. चौदा-पंधराजणींनी टेकले. बाकीच्या बसल्या. आणि मी... मी बसले. हात जोडून, मान खाली घालून. दीड महिना रोज तालीम करूनही, त्या क्षणी मला ते करवेना.

बाहेर येताच सिस्टर अ‍ॅग्नेस वाऱ्यासारख्या आल्या. “मिस खांबेटे! सहा शनिवार! सहा शनिवार शिकवलं तुम्हाला!”

“म्हणूनच बसले, सिस्टर.” मी म्हटलं. “पहिल्या दिवशी मी अर्थ न कळता टेकले. आता अर्थ कळतो. तुमचा देव मला आवडतो, पण तो माझा झालेला नाही. खोटे गुडघे टेकले असते तर ते नाटक झालं असतं. त्याच्यासमोर मला नाटक करायचं नव्हतं.”

मला वाटलं, गेली नोकरी.  सिस्टरांच्या हातातल्या जपमाळेचे मणी एक, दोन, तीन सरकले.

“मी तीस वर्षं गुडघे टेकतेय,” त्या सावकाश म्हणाल्या. “त्यातली निम्मी वर्षं तरी नुसते गुडघेच टेकले असतील.” मग एकदम नेहमीच्या आवाजात, “उभ्या काय राहिलात? मुलींना केक वाटा!”

केकचं ताट घेऊन वळले, तर समोर पास्कोल.

“ऐकलं मी,” तो म्हणाला.

“लोकांचं बोलणं चोरून ऐकणं हे तुमच्यात पाप नाही का?”

“आहे. सांगेन फादरांना.” तो हसला नाही. “बाई, मी त्या शनिवारी आलो नाही, कारण घाबरलो होतो. वाटलं, मी काही बोललो, तर तुम्ही माझ्यासाठी गुडघे टेकाल. मग देव बदलाल, नाव बदलाल... आणि एक दिवस माझ्याकडे बघून म्हणाल, याच्यापायी मी माझी उरले नाही.”

“तुमच्यासाठी?” मी म्हटलं. “फार समजता हो स्वतःला!”

आता मात्र त्याचे डोळे हसले. ओठ मागून आले.

“नाही ना टेकणार?”

“मुळीच नाही.”

“मग... अण्णा रविवारी घरी असतात का?”

हातातलं ताट एवढं हललं की केकचा एक तुकडा थेट सज्जन कंवरच्या ओंजळीत पडला.

“असतात,” मी म्हटलं. “अकरापर्यंत पेपर वाचतात. त्यानंतर आलात तर बरं.”

तो पावणेअकरालाच आला. कशासाठी येतोय, ते मी घरी सांगून ठेवलं होतं.

इस्त्रीचा कोट, हातात बगरूच्या छपाईचं एक कापड, माझ्या आईसाठी. अण्णांनी त्याला खुर्ची दिली आणि पेपर खाली न ठेवता विचारलं, “रत्नाला धर्म बदलायला लावणार?”

“नाही.”

“तुम्ही बदलणार?”

“नाही, अण्णा. रजिस्टर लग्न करू. मी आमच्या फादरांना सांगून आलोय. आधी फार रागावले. मग म्हणाले, बिशपांना लिहून परवानगी मागतो. मिळाली तर आनंद. नाही मिळाली, तर मला ते सोसावं लागेल. तिला नाही.”

“आणि घरात दोन देव? कसं जमायचं?”

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, “आपल्या देव्हाऱ्यात तेवीस आहेत. इतकी वर्षं जमतंय ना?”

अण्णांनी पेपर खाली ठेवला.  मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते.

“रत्ना, तुझं काय?”

“मला हेच हवेत, अण्णा.”

“साताऱ्याचा दादा माझ्या दारात पाऊल ठेवणार नाही. ठाऊक आहे?”

“ठाऊक आहे,” मी म्हटलं, आणि डोळ्यांत पाणी आलं. अण्णा आणि दादाकाका एका ताटात जेवून वाढलेले भाऊ होते.

अण्णांनी पेपरची घडी घातली. दोन घड्या, चार घड्या. “पत्रात नाही मावायचं हे,” ते म्हणाले. “मीच जाऊन सांगेन त्याला. इंदूरला मात्र आजच कळवतो. कुणाला ताटकळत ठेवणं बरं नाही.”

आईने पानं वाढायला घेतली. आमच्याकडे पाटावर जेवायची पद्धत. चार पाट मांडून झाले आणि आईचं लक्ष पास्कोलच्या सरळ पायाकडे गेलं. तो बिचारा पाटाकडे बघून कसं बसावं याचा विचार करत होता.  आईने पाट उचलून भिंतीला लावले आणि म्हणाली, “अहो, तुमचं लिहायचं टेबल रिकामं करा. आज आपण सगळे साहेबासारखं जेवू.”

अण्णांच्या फायली पलंगावर गेल्या. आमच्या घरात पहिल्यांदाच चौघं टेबलाभोवती बसलो. कोपर कोपराला लागत होते. पास्कोलने वरणभात दोनदा मागून घेतला, आणि तिसऱ्यांदा आईने न विचारताच वाढला.

दुपारी मी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेले. ऊन कोवळं होतं. रस्त्यावर एक उंटगाडी रमतगमत चालली होती.

“सगळ्यांना विचारून झालं,” तो म्हणाला. “फादरांना, अण्णांना, आईंना. तुम्हालाच विचारायचं राहिलं.”

“मग विचारा की! मी काय नाही म्हणतेय?”

“रत्नप्रभा...” पहिल्यांदाच नावाने.  “माझ्याशी लग्न करशील?”

मी उत्तर देणार, तेवढ्यात मागून खिडकी उघडली आणि आईचा खणखणीत आवाज अख्ख्या गल्लीने ऐकला—

“अहो पास्कोलराव! लिंबाचं लोणचं न्यायचं राहिलं की!”

पास्कोलराव! आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि फाटकाला धरून इतके हसलो, इतके हसलो, की उंटगाडीवाला थांबून बघायला लागला.

“हो,” मी हसता हसता म्हटलं. “करीन. जा आता, लोणचं घेऊन या. जावयाने सासूला वाट बघायला लावू नये.”